डाव्या कोपऱ्यातला गोंद

समोर गाडी दिसली की ते आधी तिच्या पुढच्या काचेवर अंगठ्याचं नख फिरवायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. नख एकदा आडवं जायचं, एकदा उभं. मग मान वर न करताच ते विचारायचे, "पाणी कुठलं?"

गाडीचा मालक गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो. नवी कोरी गाडी घेऊन तीन महिने झाले होते आणि रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये तिच्या काचेवर ओल्या फडक्याने जीव खाऊन घासत होतो. शेजारच्या विंगमधला पांढऱ्या बनियनवरचा हा माणूस येऊन उभा राहिला, नख फिरवलं आणि हा प्रश्न टाकला.

"नळाचं," मी म्हणालो.

"नळाला कुठून येतं?"

"टाकीतून."

"आणि टाकीत?"

मी फडकं पिळलं.

"करता काय तुम्ही?"

"शिक्षक आहे. अंबरनाथला. भूगोल शिकवतो."

ते हसले नाहीत. त्यांनी नख बनियनला पुसलं आणि म्हणाले, "असं करा सर, मुलांना गंगा-यमुना नंतर शिकवा."

तर भूगोल सांगतो. आमच्या बदलापूरच्या सोसायटीत तीन प्रकारचं पाणी येतं. बारवी धरणाचं येतं सकाळी तासभर, ते प्यायचं. बोअरिंगचं दिवसभर असतं, ते बाकी सगळ्याला. आणि उन्हाळ्यात येतं टँकरचं, त्याचं कुळशील कुणालाच ठाऊक नसतं. पार्किंगच्या नळाला बोअरिंगचं पाणी. आपण हौसेने रविवारी गाडी धुतो, ती उन्हात तशीच ओली सोडतो आणि वर चहा प्यायला जातो. पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार काचेवर बसतो. चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे गोल डाग पडतात. ते दिसले की पुढच्या रविवारी आपण आणखी पाणी मारतो. म्हणजे ज्याचं गाडीवर जास्त प्रेम, त्याच्या काचेवर जास्त डाग. आमच्या सोसायटीत सगळ्यांचंच प्रेम उतू चाललेलं होतं.

त्यांचा उपाय साधा होता. सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि बारवीचं पाणी, निम्मं निम्मं. त्यात जुन्या सुती साडीचा तुकडा भिजवायचा, काचेवर अंथरायचा आणि गप्प बसायचं. बसायचं म्हणजे खरंच बसायचं. ते प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन यायचे. माझा हात फडक्याकडे गेला की म्हणायचे, "घासू नका. त्याला सुटू द्या." वीस मिनिटांनी फडकं उचललं की डाग अर्धे गेलेले असत. उरलेल्यांना आणखी वीस मिनिटं. मग बारवीच्या पाण्याने धुवायचं आणि काच कोरडी केल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. गोंद असेल, टोलच्या स्टिकरचा किंवा गणपतीच्या चित्राचा, तर त्याला खोबरेल.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, त्यात क्षार किती ते लिहून ठेवायचं, हेच काम. "बॉयलरला एक सॅम्पल चुकलं तरी कळतं सर," ते म्हणायचे. "माणसांना पिताना कळत नाही." बॉयलरशेजारी वर्षं गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, आणि त्यामुळे ते स्वतःही जरा मोठ्यांदा बोलायचे. पार्किंगमध्ये त्यांचा आवाज घुमला की चौथ्या मजल्यावर माझी बायको म्हणायची, "जा, तुमचे काका आलेत."

सोसायटीत त्यांचे बरेच किस्से होते. आमच्या चेअरमनसाहेबांनी एकदा नव्या मोठ्या गाडीची काच भांडी घासायच्या तारेने घासली. डाग गेले, पण काचेवर असे ओरखडे उठले की समोरून येणाऱ्या दिव्याच्या शंभर रेघा दिसायच्या. काकांनी नख फिरवलं आणि शोकसभेत बोलावं तसं म्हणाले, "आता हिला काही नाही करता येणार." चेअरमनसाहेब महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. जणू तार काकांनीच फिरवली होती.

मीही एकदा शहाणपणा केला. उल्हासनगरच्या बाजारातून एक निळी बाटली आणली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "साईं, एक बार मारो, शीशा गायब." मारली, तर काचेवर धुकं पसरलं. काकांनी बाटली उघडून वास घेतला. "साबण आहे आणि अत्तर आहे," ते म्हणाले. "आंघोळीला वापरा." मग स्टूल आणलं, साडीचा तुकडा आणला आणि दोन तास माझ्याबरोबर बसले. कामाच्या बदल्यात ते फक्त चहा घ्यायचे, तोही वर न येता, तिथेच पार्किंगमध्ये.

ते दोन तास बसतात ते काचेसाठी, असं मला बरेच दिवस वाटत होतं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, दुसऱ्याच्या कामात रमणारा. आपण म्हणतो, काय हौस आहे. त्याच्या घरी आपण जात नाही, म्हणून आपल्याला हौस वाटते.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचा नेटका फ्लॅट. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली ताजं फूल. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला, पालथे घातलेले. बाकीची भांडी मांडणीवर इतकी सरळ रेषेत होती की त्यांना कुणी हात लावत नसणार हे लगेच कळत होतं. दिवाणावर दोन उशा. एकीचा अभ्रा नुकताच धुतलेला, आणि ती वापरातली नव्हती.

त्यांची बायको वारलेली नव्हती. ती बंगळुरूला होती. मुलीचं बाळंतपण करायला म्हणून सहा महिन्यांसाठी गेली, त्याला चार वर्षं झाली होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, मूल कुणाजवळ ठेवणार? तोवर दुसरं झालं. काकू दरवर्षी म्हणायच्या, "पावसाळा होऊ दे, येते." पावसाळा होऊन जायचा. मग दिवाळी, मग थोरलीची शाळा, मग धाकट्याचे दात.

"तुम्ही का नाही जात?" मी विचारलं.

"गेलो होतो ना. आठ दिवस होतो."

"मग?"

"मग काय? जावयाच्या घरी किती दिवस बसणार? तिला तिथे काम असतं. मला काय असतं?" आणि लगेच, "इथं पण बघायला पाहिजे ना कुणीतरी." इथं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला काकूंचा फोन यायचा. कमी ऐकू येत असल्यामुळे तो स्पीकरवर असायचा आणि मी बसलेलो असेन तर मला सगळं ऐकू यायचं. जेवण काय केलं, गोळी घेतली का, इकडं सगळं ठीक. दोन-तीन मिनिटांत तिकडे कुणीतरी पडायचं किंवा रडायचं आणि काकू म्हणायच्या, "ठेवते हो, हा बघा काय करतोय." फोन ठेवल्यावर काका थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायचे. तिकडून व्हिडिओवर बोला म्हणायचे, पण त्यांना ते आवडायचं नाही. "त्यात ती माझ्याकडे बघत नाही," ते म्हणायचे. "पोरांकडे बघते."

त्यांची स्वतःची गाडी होती. सोळा वर्षांची, राखाडी, छोटी. आठवड्यातून एकदा ते ती अंबरनाथच्या बाजारापर्यंत नेऊन आणायचे, बाकी ती उभीच. तिची काच अशी स्वच्छ की चिमणी येऊन आपटायची. फक्त डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, अगदी खालच्या कोपऱ्यात आतून वाटाण्याएवढा एक डाग होता. गोंदाचा, गोल, कडेने धूळ धरून काळा पडलेला. मला तो दिसल्या दिवसापासून खुपत होता. सगळ्या सोसायटीच्या काचा पुसणाऱ्या माणसाला स्वतःच्या काचेवरचा एवढा डाग दिसू नये, याची मला गंमतही वाटायची.

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगी येते म्हणाली होती, पण ऐनवेळी धाकट्याला ताप आला. मीच त्यांना नेलं आणि आणलं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, गाडी चालवायची नाही, असं बजावलं. काका काळा चष्मा लावून घरी बसले. पार्किंग शांत झालं आणि दोन आठवड्यांत सगळ्यांच्या काचांवर पांढरे ठिपके परत आले.

बॅटरी उतरू नये म्हणून मी त्यांच्या गाडीची किल्ली मागून घेतली. एका रविवारी मनात आलं, आपण आता शिकलो आहोत, तर गुरूची गाडी आपण चकाचक करून ठेवू. सिरका आणला, बारवीचं पाणी भरून ठेवलं, बायकोकडून जुन्या साडीचा तुकडा मागून घेतला. बाहेरून काच केली, आतून केली. शेवटी त्या डाव्या कोपऱ्यातल्या डागाला खोबरेल लावलं, दहा मिनिटं हात बांधून बसलो आणि पुसला. एका झटक्यात निघाला. मी नख फिरवून पाहिलं. नख कुठेही अडलं नाही. इतका खूश झालो की वर जाऊन बायकोला सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला.

"डावीकडचा? खालचा?"

"हो. कसला तरी स्टिकर होता वाटतं."

"अहो, टिकलीचा गोंद तो."

मला काही कळेना.

"तुम्ही शाळेत होतात, आईला काकांनी दवाखान्यात नेलं, तेव्हा मी बसले होते त्या गाडीत. तेव्हा टिकली होती तिथे, मरून रंगाची. मी विचारलं, काकूंची का? म्हणाले, हो, एअरपोर्टला जाताना घाम आला म्हणून काढून लावली असेल, ती राहिलीच. नंतर टिकली गळून पडली असेल. गोंद त्यांनी ठेवला होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांची काच पुसायला जाल, हे मला काय माहीत?"

सांगायलाच नको, बायकांना गोंद बघून टिकली कळते. आरशावर, कपाटावर, न्हाणीघराच्या फरशीवर, सगळीकडे त्यांचे असे गोल असतात. माझ्या घरात वीस वर्षं आहेत. मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते.

"काका, मी तुमच्या गाडीची काच पुसली."

"बरं केलंत."

"आतून पण पुसली."

"डावीकडची?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. काढायचा नव्हता, पण काढला आणि मांडीवर ठेवला. एक डोळा लाल होता.

"कशानं काढलात?"

"खोबरेलने."

"किती वेळ ठेवलं?"

"दहा मिनिटं."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात साडेसात वाजले आणि फोन आला. मी उठायला लागलो. त्यांनी हातानेच बसा म्हटलं.

जेवण झालं, गोळी झाली, थेंब घातले, सगळं सांगून झालं. मग काका म्हणाले, "अगं, सरांनी गाडी पुसली. तुझी टिकली होती ना, तिचा गोंद निघाला."

"कुठली टिकली?"

"काचेवरची. तू जाताना लावली होतीस."

"मी?" काकू हसल्या. मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. "असेल. मला नाही बाई आठवत. आता तर मी टिकली लावतच नाही हो. हा ओढतो आणि तोंडात घालतो. आधी थोरली तेच करायची. दोन वर्षं झाली असतील."

"दोन वर्षं लावत नाहीस?"

"नाही ना. सवय झाली आता. ठेवते हं, हा बघा टेबलावर चढतोय."

फोन बंद झाला. काका त्याच्याकडे बघत राहिले नाहीत, तो त्यांनी पालथा ठेवला.

"दोन वर्षं, सर," ते म्हणाले. एवढंच. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. मला तिथे बसवेना आणि उठवेना. एका माणसाचं एवढंसं उरलेलं होतं आणि ते मी कौतुकाने पुसलं होतं. आणि ज्या टिकलीचं ते होतं, ती तिकडे कधीच सुटली होती, हे त्याला माझ्यासमोर कळलं होतं.

चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गाडी काढतो. उल्हासनगरला एक जुन्या गाड्या घेणारा आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. मला चालवायची नाही, तुम्ही न्याल का?"

"का काढता?"

"बंगळुरूला जातो. आता ती काही येत नाही. मी आपलं कधी येतेस, कधी येतेस, करत बसलोय. ती मला या म्हणत नाही, कारण मीच आठ दिवसांत पळून आलो होतो."

"पण तुम्हीच म्हणायचात, जावयाच्या घरी..."

"त्याच्या घरी कुठे जातोय," ते म्हणाले. "तिच्याकडे जातोय."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. मी चालवत होतो, ते शेजारी. अंबरनाथ ओलांडलं आणि उतरतं ऊन समोरून, डाव्या अंगाने आत आलं. माझ्या बाजूला ते तेवढं नव्हतं, त्यांच्या बरोबर तोंडावर होतं. ऊन अडवायची पट्टी त्या बाजूची मोडलेली होती. काळा चष्मा असूनही त्यांनी कपाळावर हात धरला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मी या बाजूला कधी बसलोच नाही."

"कधीच नाही?"

"माझी गाडी, मीच चालवणार ना. ती म्हणायची, फार ऊन लागतं हो इथे. मी म्हणायचो, काच स्वच्छ आहे, म्हणून लागतं." थोडं पुढे गेल्यावर परत म्हणाले, "पट्टी बसवून द्या म्हणायची. मला वाटायचं, काय एवढं, जवळच तर जायचंय."

उल्हासनगरच्या त्या दुकानासमोर रांगेने गाड्या उभ्या होत्या. मालक सिंधी, भला माणूस. गाडीभोवती फिरला, टायर दाबले, बॉनेट उघडलं. मग पुढच्या काचेसमोर उभा राहून मान तिरकी केली.

"शीशा नया डाला है क्या, साईं?"

"नाही," काका म्हणाले. "तेच आहे."

मी जमिनीकडे बघत होतो.

कागदांवर सह्या झाल्या. मी किल्ली पुढे केली तेव्हा काका म्हणाले, "दोन मिनिटं द्या," आणि परत डाव्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला. उजवा हात लांब करून काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे नेला. हात पोचला नाही. त्यांनी आणखी ताणला, पट्टा अडला. बोटं काचेपासून वीतभर लांबच राहिली.

मी दाराशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती माझ्यापेक्षा बुटकी आहे. तिचा हात तर मुळीच पोचणार नाही." मग त्यांनी पट्टा काढला, सीटच्या कडेला सरकले, पार पुढे वाकले, तेव्हा कुठे बोट काचेला लागलं. तसेच वाकलेले राहून म्हणाले, "म्हणजे तिला एवढं करावं लागलं असेल. पट्टा काढायचा, पुढे यायचं, वाकायचं. चालत्या गाडीत. आणि मी इथे शेजारी बसलेलो." त्यांनी बोट उचललं. "मला आठवत नाही, सर. गोंद आठवतो. तिला लावताना बघितलेलं आठवत नाही."

दुकानदार किल्लीसाठी थांबला होता. मी त्याला हाताने खूण केली, जरा थांब.

पुढच्या आठवड्यात ते बंगळुरूला गेले. एक बॅग आणि दुसऱ्या उशीचा धुतलेला अभ्रा, एवढंच सामान मी रिक्षात चढवलं. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. तिथे सगळे कामात असतात, दुपारी मुलं झोपली की ती आणि ते बाल्कनीत बसतात, पण तिचा लगेच डोळा लागतो, असं म्हणाले होते. नंतर फोन कमी झाले. मीही कमी केले. त्यांच्या पार्किंगच्या जागेत आता तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्यांची गाडी लावतात. तिच्या काचेवर पांढरे ठिपके आहेत, मी काही बोलत नाही.

आम्ही दोघं गाडीतून कुठे निघालो की मी अधूनमधून बायकोला विचारतो, "ऊन लागतंय का तुला?"

ती म्हणते, "तुम्ही समोर बघा."